चूकभूल द्यावी घ्यावी

धनत्रयोदशीला आमच्या वसईच्या घरी दोन पूजा होत. एक घरोघर होते तीच. धन्वंतरीला धणे-गुळाचा नैवेद्य आणि तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून ठेवलेला यमाचा दिवा. दुसरी पूजा मात्र फक्त आमच्या घरची. ती माझी आत्या करी. तिला मंत्र नव्हता आणि प्रसादही नव्हता.

आत्या माजघरातल्या औषधाच्या फळीवरच्या साऱ्या बाटल्या खाली उतरवी आणि ओटीवर ओळीने मांडी. आयोडीन, खोकल्याचे औषध, पोटदुखीचा अर्क, कानात घालायचे थेंब, आजोबांचे सांधेदुखीचे तेल. मग एकेक बाटली उचलून तिच्यावरचे लेबल ती मोठ्याने वाची. जिचे लेबल वाचता येई ती पुसून पुन्हा फळीवर जाई. जिचे लेबल गळून पडले असेल, किंवा कसरीने अर्धे खाल्ले असेल, ती परसातल्या केळीपलीकडच्या खड्ड्यात रिकामी होई. आजी कळवळे. "अगं, ते खोकल्याचंच आहे. मला वासावरून कळतं."

"तुला कळतं गं आई," आत्या म्हणे, "तू घरात नसशील तेव्हा कोणाला कळेल?" आणि बाटली उपडी करी.

आत्या परिचारिका होती, आणि तीही शस्त्रक्रियागृहातली. लग्नानंतर दोनच वर्षांत ती माहेरी परत आली, कपाळ रिकामे घेऊन. आजोबांनी गावाच्या बोलण्याकडे पाठ फिरवून तिला मुंबईला परिचारिकेच्या शिक्षणास धाडले. विजेच्या गाड्या विरारपर्यंत १९३६ सालीच येऊन पोहोचल्या होत्या, त्यामुळे वसईत राहून मुंबईत नोकरी करणे शक्य होते. पहाटे टांग्याने स्टेशन गाठायचे आणि रात्री दिवेलागणी उलटून गेल्यावर परतायचे, असे तिने ३६ वर्षे केले. आम्हां मुलांना तिच्या पिशवीला येणारा कार्बोलिकचा वास तेवढा ठाऊक होता.

आजोबांचा केळी आणि विड्याची पाने मुंबईला पाठवण्याचा व्यापार. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्या पूजेत मांडल्या जात. आजोबांच्या प्रत्येक हिशेबाच्या तळाशी चार अक्षरे असत : चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. एका दिवाळीत मी त्या अक्षरांचा अर्थ विचारला तेव्हा आजोबांच्या आधी आत्याच बोलली. "म्हणजे आकडा चुकला असेल तर तुम्ही सांगा, आम्ही दुरुस्त करू. तुझ्या आजोबांचं बरं आहे. आमच्या थिएटरमध्ये हे लिहून ठेवता येत नाही."

तेव्हा तो विनोद वाटला होता. पुढे जन्मभर मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर हातात मोकळा वेळ आला, तेव्हा आत्याचे ते वाक्य धरून मी जुन्या नोंदी चाळू लागलो. त्यातून जे हाती आले ते या दिवाळीला वाचकांपुढे ठेवतो.

मराठी भाषेची एक गंमत आधी सांगायला हवी. आपण चुकीला भूल म्हणतो आणि शस्त्रक्रियेपूर्वी माणसाला जी बेशुद्धी आणतात तिलाही भूलच म्हणतो. भूल पडते, भूल देतात, भूल चढते, भूल उतरते. ज्या खोलीत एकाला भूल द्यायची, तिथे दुसऱ्याची भूल होता कामा नये, हा सगळा विषय या एका शब्दात मावला आहे.

माणसाची शुद्ध हरपणाऱ्या वनस्पती आपल्या कुंपणाला फार पूर्वीपासून आहेत. शंकराला आपण वाहतो तो धोतरा त्यातलाच. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला उतरला. त्याच वर्षी गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना तहात दिली. ओर्ताचा वनौषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात धोतऱ्याची हकीकत आहे ती अशी की, चोर आणि घरचे नोकर तो अन्नात कालवतात, खाणारा भ्रमिष्टासारखा हसत सुटतो आणि तेवढ्यात घर लुटले जाते. आज याच धोतऱ्याच्या जातीतून हायोसिन नावाचे द्रव्य निघते आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते टोचले जात असे. अफूतून निघणारे मॉर्फिया त्याच्या जोडीला. वस्तू तीच. चोराच्या हातात ती विष होते, वैद्याच्या हातात औषध. वैद्याच्याच हातून ती विष होते केव्हा, हा माझा प्रश्न होता.

सुरुवातीला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण औषधे स्वतःच भयंकर होती. अमेरिकेत बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवण्यात आली. पाच महिन्यांनी, २२ मार्च १८४७ रोजी, कलकत्त्याला ईथर वापरले गेले. त्याच वर्षाअखेर एडिंबरोत क्लोरोफॉर्म आले, आणि जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात पंधरा वर्षांची एक मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नख काढायला गेलेली पोर! तिथून पुढे पन्नास-साठ वर्षे वाद चालला की, क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवते की हृदय. हा वाद आपल्या दारापर्यंत आला होता. आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्याच निजामाच्या खर्चाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी श्वासाच्या बाजूने कौल दिला. पुढे १९११ च्या सुमारास हृदयही एकाएकी बंद पडू शकते हे सिद्ध झाले आणि तो कौल अपुरा ठरला. त्या प्रयोगांच्या काळात रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी तरुणी तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकून भूल देण्यात तरबेज झाली. स्त्री-भूलतज्ज्ञांत तिचे नाव जगात पहिल्यांत घेतले जाते. असो. ते स्वतंत्र लेखाचे काम आहे.

औषधे सुधारली, जंतूंचे ज्ञान झाले, काचेच्या बंद कुप्या आल्या. आता धोका औषधातून निघून हातात आला. याचा पहिला मोठा दाखला परळचा आहे.

आत्याची गाडी ज्या परळजवळून रोज जात असे, तिथे जुन्या गव्हर्नमेंट हाउसात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ पासून होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसे गाव सोडून पळू लागली, आणि हाफकिनांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ. सरकारी वैद्यक खात्यातल्या गोऱ्या डॉक्टरांना तो कधीच आपला वाटला नाही. परळहून बाटल्या भरभरून लस देशभर जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ माणसांना लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही. तपास केला तेव्हा दिसले की, एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

चौकशी आयोग बसला. बाटली परळहून निघतानाच दूषित होती, असा त्याने निष्कर्ष काढला. हाफकिनांनी लसीत कार्बोलिक घालणे सोडून नुसत्या उष्णतेवर भरवसा ठेवला होता, त्यावर बोट ठेवण्यात आले. ज्या माणसाने मुंबईला लस दिली, त्यालाच परळच्या प्रयोगशाळेतून जावे लागले.

पण त्या दिवशी मुलकोवालला घडले काय होते? बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. गावाची जमीन, गुराढोरांची, लिदीची. धनुर्वाताच्या जंतूंचे तर ते माहेरघर. नियमाप्रमाणे चिमटा ज्योतीवर नीट तापवून घ्यायला हवा होता. तसे न करता तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात हिसळला गेला आणि त्यानेच बूच उपसले. रांगेत माणसे खोळंबलेली, पुढे अजून गावे राहिलेली. त्या हिसळण्याला फार तर चार-पाच क्षण लागले असतील.

ही गोष्ट साक्षीत आली होती, पण तिचे वजन पडायला १९०७ साल उजाडले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने कागद पुन्हा तपासले. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्याबरोबर आणखी नऊ जणांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. बाटली भरल्याला ४१ दिवस झाले होते. जंतू परळपासूनच आत असते, तर एवढ्या दिवसांत बाटलीत विष साचले असते, बूच उघडताच दुर्गंधी आली असती आणि माणसे फार लवकर आजारी पडली असती. उघडणाऱ्या डॉक्टरने बाटली हुंगली होती. वास नव्हता. म्हणजे जंतू नुकतेच, बूच काढतानाच गेले असले पाहिजेत. हाफकिन निर्दोष ठरले, हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले, ते आजही आहे.

मला या हकीकतीत हाफकिनांइतकाच तो चिमटा पाडणारा माणूस छळतो. त्याने खोटे सांगितले असते तर त्याला पकडणारे कोणी नव्हते. त्याने चिमटा पडल्याचे कबूल केले, आणि त्या कबुलीमुळेच पाच वर्षांनी खरे काय ते उमगले. त्याच्या हातून एकोणीस जीव गेले, हे तर खरेच. पण इतिहासात अशा माणसाला कोणत्या ओळीत बसवायचे, हे मुलांना शिकवताना मला कधी नीट सांगता आले नाही.

आत्याला मी ही कथा सांगितली तेव्हा ती फार वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पडलेला चिमटा उचलायचाच नाही, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पाय लावून बाजूला सारायचा. उचलला की वापरायचा मोह होतो." औषधाचाही तिचा नियम असाच होता. लेबल तीनदा वाचायचे. कपाटातून कुपी काढताना, पिचकारीत औषध ओढताना आणि रिकामी कुपी खाली ठेवताना. तिसऱ्यांदा कशाला, असे आम्ही विचारीत असू. औषध तर पिचकारीत गेलेले असते. "अंगात गेलेलं नसतं," असे ती म्हणे.

दुसरी हकीकत पुण्याची, पण तिची सुरुवात कोकणातली. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मावळतीच्या वेळी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. फळ्या बांधून, मग आधाराची चौकट आणवून, तिसऱ्या दिवशी रात्री त्याला मोटारीत घातले आणि अकरा तासांचा खडखडाट सोसून पुण्याला आणले. वडील स्वतः डॉक्टर होते. पुण्याच्या डॉक्टरांनी मदतनिसाला सांगितले की, मॉर्फिया आणि हायोसिनची दोन इंजेक्शने एका तासाच्या अंतराने द्या. मदतनिसाने एकच दिले. मग पूर्ण भूल न देताच हाड ओढून बसवण्यात आले आणि प्लास्टर घातले. त्याच रात्री नऊला मुलगा गेला. वडील न्यायालयात गेले. पंधरा वर्षांनी, १९६८ च्या मे महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दोषी धरणारा खालचा निकाल कायम केला. वेदनांचा धक्का हे मृत्यूचे कारण धरले गेले. भरपाई ३,००० रुपये. वकील मंडळी आजही हा निकाल उद्धृत करतात, कारण रोग्याला हात लावणाऱ्या डॉक्टरवर कोणती कर्तव्ये येतात ती त्यात स्पष्ट सांगितली आहेत.

मी कायदेपंडित नाही. माझे लक्ष त्या दुसऱ्या इंजेक्शनवर खिळून राहते. सांगितले होते दोन, दिले एक, आणि हाड ओढायला हात घातला तेव्हा "दुसरे दिले का?" एवढे तीन शब्द त्या खोलीत पडलेले दिसत नाहीत. धोतरा होता, अफू होती, जाणता माणूस होता. विचारणे राहून गेले.

त्याच सुमाराला इंग्लंडात एक निराळाच खटला चालला होता. चेस्टरफील्डच्या रुग्णालयात १९४७ साली एकाच दिवशी दोन माणसांच्या पाठीच्या कण्यात बधिरतेचे औषध टोचले, आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. औषधाच्या काचेच्या कुप्या बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलच्या द्रावात बुडवून ठेवत. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून फिनॉल आत झिरपले, असे न्यायालयाने मानले. पण असे होऊ शकते हे १९४७ साली कोणालाच माहीत नव्हते, म्हणून १९५४ साली अपिलातही डॉक्टर निर्दोष ठरले. फिनॉलमध्ये निळा रंग कालवला असता तर चिरलेली कुपी लगेच ओळखू आली असती, हे त्यातून पुढे आलेले शहाणपण. गंमत अशी की, १९९० साली एका भूलतज्ज्ञाने ते सारे प्रकरण पुन्हा उलगडून दाखवले आणि दोष फिनॉलचा नसून भांडी उकळण्याच्या यंत्राचा क्षार काढायच्या आम्लाचा असावा, असे मत दिले. ज्यावर संशय घ्यायचा ती बाटलीच निराळी होती म्हणायची.

आत्याच्या रुग्णालयात मीही एकदा गेलो होतो, तिचा डबा पोचवायला. दारातूनच मला मागे फिरवले गेले, पण एक दृश्य डोळ्यांत राहिले. हिरवे कापड घातलेले टेबल आणि त्यावर ओळीने ठेवलेल्या स्टीलच्या लहान वाट्या, प्रत्येकीत पाण्यासारखे काही तरी. प्रत्येक वाटीला चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, आणि त्यावर शाईने औषधाचे नाव. अक्षर आत्याचे. बाकीच्या परिचारिका तिला त्यावरून हसत, असे तिनेच सांगितले होते. त्या पट्ट्यांमागचे कारण मला कळायला १९८६ साल यावे लागले.

त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एकामागून एक रोगी मूत्रपिंडे बंद पडून दगावू लागले. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजण्यात आले होते. डबे ग्लिसरीनचे, चिठ्ठ्या ग्लिसरीनच्या. आत मात्र कारखान्यात वापरायच्या प्रतीचा माल आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले. हे विष चवीला गोड आणि दिसायला ग्लिसरीनसारखेच, त्यामुळे जिभेलाही फरक कळू नये. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्यात कालवलेल्या एका औषधाने शंभरावर माणसे मारली होती. म्हणजे ज्ञान एकोणपन्नास वर्षांचे जुने होते. जे. जे. मध्ये चौदा जण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीच्या टेबलापासून औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झडती घेतली. ज्यांच्या सहीने माल आला, ज्यांनी तो तपासायचा होता, ज्यांनी तपासणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे होते, ते सारे आयोगापुढे उभे राहिले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. त्या काळी गाडीच्या डब्यात दुसरा विषय नसे.

आत्याचे रुग्णालय ते नव्हे. तरी त्या दिवसांत ती घरी आली की वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवी. एका रात्री मी ओटीवर बसलो होतो. ती येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "लेबलवर बरोबर लिहिलं होतं रे. तीनदा वाचून तरी काय झालं असतं?" मला उत्तर सुचले नाही. मग जरा वेळाने तिने ती गोष्ट सांगितली.

साठ-पासष्टच्या दरम्यानचा एक पावसाळा. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाडी दीड तास खोळंबली. ती पोचली तेव्हा टेबल दुसऱ्या कोणी मांडून ठेवले होते आणि रोगी आत होता. नाकाची शस्त्रक्रिया. दोन वाट्या. एकीत जागा बधिर करण्याचे औषध, टोचायचे. दुसरीत तीव्र ॲड्रिनॅलिन, फक्त कापडाच्या पट्ट्या भिजवून नाकात ठेवायचे, रक्त कमी यावे म्हणून. दोन्ही पाण्यासारखी. पट्टी नाही, चिठ्ठी नाही. मांडणारी बाई शेजारच्या थिएटरात गेलेली. आत्याने उजव्या हाताच्या वाटीतून पिचकारी भरली, कारण ती स्वतः मांडत असे तेव्हा टोचायचे औषध नेहमी उजवीकडे ठेवी. सर्जनने विचारले, "सिस्टर, बधिराचं ना?" आणि ती म्हणाली, "हो डॉक्टर."

थोडेसे आत गेले आणि रोगी पांढरा पडला. नाडी मोजता येईना, छाती धडधडताना कापडावरून दिसत होती. सगळी धावपळ झाली. सुदैवाने तो तरुण होता, हृदय धड होते. अर्ध्या-पाऊण तासाने सावरला आणि काही दिवसांनी घरी गेला. एखाद्याला हे औषध मानवत नाही, असे म्हणून डॉक्टरांनी कागदावर तसे लिहिले.

"आणि तू?"

"मी काही बोलले नाही. वाट्या धुऊन ठेवल्या." ती अंधारात पाहत होती. "त्याच्या कागदावर लिहिलं गेलं, बधिराचं औषध चालत नाही. जन्मभर तो दात काढताना तसंच सांगत असेल. बिनबधिरीचे दात काढून घेत असेल."

मला वाटले होते, ती म्हणेल तो मेला असता तर काय झाले असते. तिला सलत होते ते त्या माणसाचे दात. वीस वर्षे तिने हे कोणाला सांगितले नव्हते. मुलकोवालच्या मदतनिसाने पडलेल्या चिमट्याची कबुली दिली आणि माझ्या आत्याने वाट्या धुतल्या. तिच्यावर माझा फार जीव होता, म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण इतिहास शिकवणाऱ्याने घरच्या माणसापुरती पाने फाडू नयेत. तिने तेव्हा तोंड उघडले असते तर तिची नोकरी गेली असती, हेही तितकेच खरे. आणि ज्याने मांडणी करून जागा सोडली, ज्या रुग्णालयात चिठ्ठी लावायची रीतच नव्हती, त्यांच्या वाट्याला काही आले नसते. भीती घातली की माणसे वाट्या धुतात.

या भीतीवर उपाय शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीच्या मातीतले निघावे याचे मला कौतुक वाटते. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत जाऊन शस्त्रवैद्य झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची एक यादी काढली. एक पानाची. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी ती मोठ्याने वाचायची. रोग्याचे नाव काय, शस्त्रक्रिया कोणती, कुठल्या बाजूची, कोणते औषध चालत नाही, भुलेचे यंत्र आणि औषधे तपासली का. खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव सांगायचे. याचे कारण मोठे मानवी आहे. एकदा स्वतःचे नाव उच्चारलेला माणूस पुढे शंका आली तर बोलायला कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. पुढे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सगळीकडे सक्तीची झाली आणि २०१४ साली पाहणी केली तर तिथे म्हणावा असा फरक दिसला नाही. मला त्याचे नवल वाटत नाही. खुणा करून टाकायला सांगितलेल्या कागदावर माणसे खुणा करतात. आमच्या शाळेतली हजेरी तशीच भरली जाई.

आणि कुप्यांचे सोंग तर अजून संपलेले नाही. रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि कण्यात द्यायचे बधिरतेचे औषध यांच्या कुप्या सारख्याच दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरे टोचले गेल्याच्या घटनांवरून जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ साली जगाला सावध करावे लागले.

आत्या १९८८ साली निवृत्त झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे वसईच्या घरी तिने धनत्रयोदशीची आपली पूजा चालवली. टांगे गेले, केळीच्या बागांच्या जागी इमारती आल्या, वसई-विरार महानगरपालिका झाली, आमचा ठाणे जिल्हा २०१४ साली पालघर झाला. आता ती नाही. फळी आहे, आणि सूनबाई बाटल्यांवरच्या तारखा वाचते.

गेल्या वर्षी माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि वसईतच शस्त्रक्रिया ठरली. वॉर्डात एका मुलीने माझे नाव विचारले. थिएटरच्या दारात दुसरीने विचारले. टेबलावर घेतल्यावर तिसरीने. मनगटाला नावाची पट्टी होती, ती वाचून शिवाय तोंडाने सांगायचे. मी मास्तर माणूस, तेच तेच विचारणारा विद्यार्थी मला कधी आवडला नाही. डोक्याच्या बाजूला एक तबक होते. त्यात पाच-सहा पिचकाऱ्या, प्रत्येकीवर रंगीत पट्टी, कोणावर पिवळी, कोणावर निळी, आणि पट्टीवर नाव. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई एकेक उचलून नाव वाचत होत्या आणि पलीकडून सिस्टर त्याला होकार देत होती.

"आजोबा, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?"

"नाही म्हणून सांगितलं ना मघाशी."

"पुन्हा एकदा सांगा. आणि तुमचं पूर्ण नाव."

एका कोणाच्या तरी जुन्या कागदावरची चुकीची ओळ मला आठवली, आणि स्टीलच्या दोन वाट्या. दिव्याचे तोंड माझ्याकडे वळले होते. मी चौथ्यांदा माझे नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, अगदी सावकाश.